नोटीस आली तरी खरंच लिही

राजूर, ता. भोकरदन, जि. जालना

चि. बाळ,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, जे झालं ते मी केसपेपरवर लिहिलं, म्हणून नोटीस मला आली. पुढच्या वेळी 'रक्तस्राव नॉर्मल' एवढंच लिहीन आणि मोकळी होईन." तेव्हा मी गप्प राहिले. याचं उत्तर फोनवर घाईघाईत देण्यासारखं नव्हतं. शिवाय ते एकट्या तुला देऊन भागणारही नाही. लेबर रूममध्ये रात्रपाळी करणाऱ्या तुझ्यासारख्या कितीतरी मुली हाच विचार मनात घेऊन ड्युटीवर जातात. म्हणून हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे. तुझ्या रुग्णालयाचं नाव मी कुठेही घेणार नाही, कारण ही अडचण त्या एकाच इमारतीतली नाही.

तू सांगितलंस त्यावरून त्या रात्रीचं चित्र असं दिसतं. बाळ झालं, वार पडली, सगळं नीट वाटत होतं आणि मग बाळंतिणीच्या अंगावरून जास्त जायला लागलं. तू पोट चोळलंस, सलाईन लावलं, डॉक्टरांना फोन केला. उचलला नाही, पुन्हा केला, पुन्हा केला. रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची इंजेक्शनं कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि चावी इन्चार्ज सिस्टरच्या पर्समध्ये, त्यांच्या घरी. बाई वाचली. सकाळी तू बसून सगळ्या वेळा लिहिल्यास: रक्तस्राव कधी वाढला, पहिला फोन कधी केला, डॉक्टर कधी पोचले, औषध कधी हाताला लागलं. त्याच कागदावर बोट ठेवून तुला 'कर्तव्यात कसूर' अशी कारणे दाखवा नोटीस दिली गेली.

त्या नोटिशीत चावीबद्दल एक शब्द नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला. रात्री चावी घरी का जाते, हे तुझ्या कागदामुळेच पहिल्यांदा कुणाला तरी विचारता आलं असतं. तू 'रक्तस्राव नॉर्मल' लिहिलं असतंस तर नोटीस आली नसती, पण चावी पुढच्या रात्रीही घरीच गेली असती. मग कुठल्या तरी रात्री एखादी बाई वाचली नसती.

रक्ताच्या हिशेबापासूनच सुरुवात करते, कारण तुझी नोकरी त्यावरच उभी आहे. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त जात असतं. वार सुटल्यावर पिशवी घट्ट आवळली नाही तर ते सगळं उघड्या नळासारखं वाहतं. अशा वेळी तास-दोन तासांत बाई हातची जाते. आपल्या मराठवाड्यातल्या बायकांकडे गमवायला मुळातच रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. अतिरक्तस्राव ठरवायला पुस्तकात ५०० मिलिलिटरची रेघ आहे. पण ज्या बाईचं हिमोग्लोबिन सात-आठ आहे, जी कापूस वेचता वेचता नववा महिना काढते, तिला त्या रेघेच्या बऱ्याच आधी चक्कर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या सूचनेतही हेच आलं आहे: ३०० मिलिलिटर गेलं आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, की ५०० ची वाट बघायची नाही, उपचार सुरू करायचे.

आता हे ३०० आणि ५०० ओळखायचं कसं? आम्ही डोळ्यांनी ओळखायचो. चादर किती भिजली, पॅड किती भरली, खाली टबमध्ये किती साचलं. सगळ्यांनाच वाटायचं की अनुभवी सिस्टरला बरोबर अंदाज येतो. तो समज बेळगावच्या लोकांनी खोटा ठरवला. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी बाळंतिणीच्या खाली अंथरायची एक प्लास्टिकची चादर वापरात आणली. तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी असते आणि पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. बाळ झालं की रक्त त्या पिशवीत उतरतं आणि आकडा समोर दिसतो. मग त्यांनी डोळ्यांनी केलेला अंदाज आणि पिशवीतला आकडा शेजारी ठेवले. डोळ्यांचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. माणसाचा डोळा दरवेळी कमीच बघतो, आणि जितकं जास्त रक्त जातं तितका तो जास्त फसतो. हे कळण्यासाठी मोठं यंत्र लागलं नाही, एक पिशवी पुरली.

त्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत त्यांनी १६२० बायकांवर रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा अभ्यास केला. तो २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. गोळ्या देणाऱ्या कोण होत्या, तर माझ्यासारख्या एएनएम. खोट्या गोळ्या मिळालेल्या बायकांमध्ये अतिरक्तस्राव १२ टक्के होता, खऱ्या गोळ्यांच्या गटात तो ६.४ टक्क्यांवर आला. हे मी मुद्दाम सांगते आहे. बाई वाचवण्याचं शास्त्र पुण्या-मुंबईतून किंवा परदेशातूनच येतं असं तुला वाटायला नको. ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यासारख्याच एका जिल्ह्यात, उपकेंद्राच्या सिस्टरच्या हातून उभं राहिलं आहे.

ती रेघांची पिशवी पुढे दूर गेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत एक मोठा अभ्यास झाला, २०२३ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णालयांना रेघांची पिशवी दिली आणि सांगितलं, की रक्त ठरलेल्या रेघेला पोचलं की सगळं एकदम करा: पोट चोळणं, गर्भपिशवी आवळायचं औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, आतून तपासणी आणि मोठ्या डॉक्टरांना हाक. एक करून बघू, मग दुसरं, असं नाही. बाकीची रुग्णालयं नेहमीसारखी चालली. नेहमीच्या रुग्णालयांत अतिरक्तस्रावाच्या जवळजवळ निम्म्या बायका कुणाच्या लक्षातच आल्या नाहीत. पिशवी लावलेल्या ठिकाणी दहांतल्या नऊ लक्षात आल्या. मोठा रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. औषधं दोन्हीकडे तीच होती. फरक पडला तो वेळेवर मोजल्यामुळे, आणि औषधं एकदम मिळाल्यामुळे.

तुझं कुलूपबंद कपाट या हिशेबात ठेवून बघ. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तरच उपयोगी पडतं, आणि जितका उशीर तितका त्याचा उपयोग कमी. म्हणजे चावी हा सुद्धा उपचाराचाच भाग आहे. म्हणूनच लेबर रूमच्या नियमात सात ट्रे तयार ठेवायला सांगितलेले असतात, बाळंतपणाचा, बाळाचा, तातडीच्या औषधांचा असे. ते कुलपाच्या बाहेर, हाताच्या अंतरावर, रोज तपासून, तारखा बघून ठेवायचे. गर्भपिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचं. आपल्याकडे लाइट जाते. फ्रीजचं तापमान दोन वेळा लिहायचं रजिस्टर ज्या सिस्टर खरोखर थर्मामीटर बघून भरतात, त्यांच्या वॉर्डात इंजेक्शनचं पाणी होत नाही. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत सगळे रकाने 'चार, चार, चार' असे भरणाऱ्यांच्या वॉर्डात इंजेक्शन दिलं तरी पिशवी आवळत नाही, आणि का आवळत नाही ते कुणालाच कळत नाही.

तू 'लक्ष्य'बद्दल विचारलंस. म्हणालीस, टीम येणार म्हटलं की रंगरंगोटी होते, पडदे लागतात, फायली सजतात, टीम गेली की पडदे निघतात. तुझा वैताग मला कळतो, पण त्या योजनेला तू टाकून देऊ नकोस. ११ डिसेंबर २०१७ ला केंद्र सरकारने ती सुरू केली, बाळंतपणाची खोली आणि सिझेरियनचं ऑपरेशन थिएटर या दोनच जागांसाठी. मला ती आवडते ती त्या 'दोनच'मुळे. सगळं रुग्णालय एकदम सुधारा असं न म्हणता ती सांगते, की जिथे बाई आणि बाळ सगळ्यात जास्त धोक्यात असतात, तिथे आधी बघा. ७० टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र, त्याहून वर गेलं की रुपेरी, सोनेरी आणि ९० च्या वर प्लॅटिनम बिल्ला. खासगी रुग्णालयांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फॉग्सी' या संघटनेची 'मान्यता' आहे, १६ निकषांची, आणि महाराष्ट्रात दोन्हींची सांगड घालून 'लक्ष्य-मान्यता' आली. बिल्ल्याचं मला फार कौतुक नाही. पण त्या योजनेच्या पोटात दोन-दोन महिन्यांचे टप्पे आहेत, त्याकडे बघ. दोन महिने एकच गोष्ट घ्यायची, म्हणजे पार्टोग्राफ, प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता, कळा चालू असतानाच भरायचा, बाळ झाल्यावर नाही. पुढचे दोन महिने बाळंतिणीसोबत तिचं माणूस आत घ्यायचं. मग अतिरक्तस्राव. मोजायचं, सुधारायचं, परत मोजायचं. खरं काम तिथे आहे आणि ते तुझ्या दर्जाची सिस्टरच करू शकते.

बाळ झाल्यावर भरलेले पार्टोग्राफ मी खूप पाहिले. सगळ्यांची रेघ एकसारखी, सावधानीच्या रेघेला समांतर, सुंदर. ज्या बाईची प्रसूती अडली, जिचं बाळ निळं पडलं, तिच्याही कागदावर तीच सुंदर रेघ. तो कागद बघून कोणाला काय शिकता येणार?

नुसत्या कागदाने बायका वाचत नाहीत, हेही तुला माहीत असावं. जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणासाठी २९ मुद्द्यांची तपासणी यादी केली. कर्नाटकातल्या एका तालुका पातळीवरच्या केंद्रात ती आधी वापरून बघितली. आधी एका बाळंतपणात २९ पैकी साधारण १० गोष्टी होत होत्या, नंतर २५ व्हायला लागल्या. सगळे आनंदले. मग उत्तर प्रदेशात १२० केंद्रांत दीड लाखाहून जास्त बाळंतपणांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्या केंद्रांत यादी दिली आणि शिकवायला अनुभवी सिस्टर पाठवल्या. त्या येत होत्या तोवर शंभरातल्या ७३ गोष्टी होत होत्या. त्यांचं येणं थांबल्यावर वर्षाअखेर ते ६२ वर आलं. आई आणि बाळाच्या मृत्यूंत फरक पडला नाही. काही जणांनी यातून 'यादीचा उपयोग नाही' असा अर्थ काढला. मला त्यात दुसरंच दिसतं. हात धुण्याची आठवण यादी करून देते, पण नळाला पाणी नसेल, रक्ताची पिशवी नसेल, भूल देणारा डॉक्टर नसेल, तर यादी काय करील? आणि शेजारी उभं राहून 'हे राहिलं बघ' म्हणणारं माणूस निघून गेलं की सवयी सैल होतात. म्हणून मला तुझी काळजी वाटते. तू नवीन आहेस, तुझ्या सवयी अजून घडताहेत.

आता आपल्या राजूरकडे ये. तुला आठवत असेल, अंगारकीला जालन्याकडून येणारा सगळा रस्ता रात्रभर पायी चालणाऱ्यांनी भरलेला असतो. गणपतीच्या साडेतीन पीठांतलं हे पूर्ण पीठ, लाखाने माणसं येतात. पण बाळंतपण काही पंचांग बघून येत नाही. इथून जालन्याला पंचवीसेक किलोमीटर. एरवी १०८ ची गाडी सहज पोचते, त्या दिवशी गर्दीतून वाट काढावी लागते. नोकरीत असताना अंगारकीच्या आठवडाभर आधी मी आशाताईंकडून यादी मागवायचे. कुणाचे दिवस भरत आलेत, त्यांत पहिलं सिझर कुणाचं, रक्त कमी कुणाचं, रक्तदाब कुणाचा वाढलाय, सूज कुणाला. त्या बायकांना चतुर्थीच्या आदल्या दिवशीच जालन्याला किंवा भोकरदनला नातेवाइकांकडे, नाहीतर रुग्णालयात नेऊन ठेवायचं. घरचे कुरकुरायचे, सासवा म्हणायच्या, बाप्पा समोर असताना कशाला भीती. मी म्हणायचे, बाप्पाचं दर्शन झाल्यावर बाळ घेऊन या. यात विद्वत्ता काही नव्हती. कुठल्या दिवशी कुठली वाट बंद असणार हे सगळ्या गावाला माहीत असतं. ते दवाखान्याच्या वहीत उतरवायचं, एवढंच.

रेफर करताना लिहिण्याचं मोल तर आणखी वाढतं. झटके आलेल्या बाईला मॅगसल्फचा पहिला डोस खालच्या केंद्रातच द्यायचा असतो, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. तो दिला, पण चिठ्ठीवर लिहिला नाही, तर वरच्या रुग्णालयातला डॉक्टर काय करील? पुन्हा दिला तर श्वास मंदावण्याचा धोका, नाही दिला तर पुन्हा झटका. आणि नुसतं 'मॅगसल्फ दिलं' लिहून भागत नाही. किती दिलं, किती वाजता, लघवी किती झाली, गुडघ्याचा रिफ्लेक्स येतोय का, हे सगळं हवं. गाडी सुटायच्या आधी वरच्या लेबर रूमला फोन हवा: कोण येतेय, काय झालंय, काय दिलंय, पोचल्यावर काय लागेल. रेफर म्हणजे आपली जबाबदारी संपली असं समजणारे असतात. माझ्या मते गाडी पोचून तिथल्या सिस्टरने 'घेतली' म्हणेपर्यंत ती बाई आपलीच असते.

आता नोटिशीकडे येते.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. १७ बाळं आत होती, सात वाचवता आली, दहा गेली. सगळा महाराष्ट्र हळहळला. मग चौकशी, निलंबन, परिचारिकांना काढणं, दोन परिचारिकांवर गुन्हा. ड्युटीवर कोण कुठे होतं याची खूप चर्चा झाली, आणि ती व्हायलाही हवी. पण आग उपकरणातून सुरू झाली. आग लागली की आपोआप पाणी सोडणारी यंत्रणा तिथे नव्हती. हे दोष एखाद्या सिस्टरने रात्रपाळीत जागं राहून दूर होणारे नव्हते. माणूस काढून टाकला की वाटतं, रोग गेला. उपकरण, वायरिंग, कुलूप, चावी, रिकामी पदं जागच्या जागी राहतात आणि पुढच्या सिस्टरची वाट बघतात.

आपल्याकडेच असं होतं असं समजू नकोस. इंग्लंडमध्ये श्रूझबरी आणि टेलफर्डच्या सरकारी रुग्णालयांच्या प्रसूती विभागाची चौकशी झाली. ती कुणी केली, तर डोना ऑकेन्डन नावाच्या एका मिडवाइफने. म्हणजे तुझ्याच कामातली बाई. जवळजवळ १५०० कुटुंबांची प्रकरणं तपासून मार्च २०२२ मध्ये तिने अहवाल दिला. नीट काळजी घेतली गेली असती तर २०१ बाळं आणि ९ आया वाचल्या असत्या किंवा वाचू शकल्या असत्या, असा तिचा निष्कर्ष. पैसा, यंत्रं, शिकलेली माणसं, सगळं असलेल्या देशात. कारणांत एक कारण तुला ओळखीचं वाटेल. तिथल्या कर्मचाऱ्यांना बोलायची भीती वाटत होती, आणि झालेल्या चुका नीट तपासल्या जात नव्हत्या, त्यामुळे त्याच चुका वर्षानुवर्षं होत राहिल्या. दुसरं कारण, आया जे सांगत होत्या ते कुणी ऐकलं नाही.

आपल्या सरकारची कागदावरची भूमिका या बाबतीत चांगली आहे, हे तुझ्या साहेबांना कुणीतरी सांगायला हवं. माता मृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, की शोध कारणाचा घ्यायचा, कुणाच्या माथी दोष मारायचा नाही. मरता मरता वाचलेल्या बायकांच्या प्रकरणांचाही असाच आढावा घ्यावा, अशा सूचना २०१४ पासून आहेत. तुझ्या त्या रात्रीच्या बाईचं प्रकरण नेमकं याच खणात बसतं. त्यासाठी बैठक व्हायला हवी होती. वेळांचा तुझा कागद टेबलाच्या मधोमध ठेवून डॉक्टर, इन्चार्ज, औषध विभाग आणि तू, सगळ्यांनी मिळून बघायला हवं होतं, की कुठलं मिनिट कुठे गेलं. त्याऐवजी नोटीस निघाली. याचा परिणाम तुझ्या एकटीवर होत नाही. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर ते बघतात आणि त्या दिवसापासून सगळ्यांचा रक्तस्राव नॉर्मल होतो.

काम मुळात चांगलं होत आलं आहे, म्हणून मला हे जास्त लागतं. २०१४-१६ मध्ये महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ६१ आया दगावत होत्या. २०१८-२० मध्ये तो आकडा ३३ झाला, देशाचा ९७ होता तेव्हा. दहांतली नऊहून जास्त बाळंतपणं आता रुग्णालयात होतात. म्हणजे बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत आणायचं काम आशाताईंनी आणि आम्ही बहुतेक पूर्ण केलं. आता उरलेल्या मृत्यूंतले बरेचसे दाराच्या आत होतात. ते कमी करायचे तर आतल्या घड्याळाचं खरं कुणीतरी लिहिलं पाहिजे.

आणखी एक, वेळांच्या हिशेबात न बसणारी गोष्ट. बाळंतिणीवर ओरडू नकोस. 'आधी नाही कळलं का' असले शब्द आपल्या लेबर रूममध्ये फार सहज निघतात. मला ते कधीच सहन झाले नाहीत. ज्या बाईला आपण गप्प केलं, ती दोन तासांनी 'बाई, खालून ओलं ओलं लागतंय' हे सांगायलाही घाबरते. तिची आई किंवा नणंद जवळ असू दे. मोजायची पिशवी मिळाली नाही तरी ते माणूस चादर बघत असतं. पोटावर दाब देऊन बाळ ढकलायला कुणी सांगितलं तर तू हात लावू नकोस, आणि गरज नसताना कळांचं सलाईन वाढवायला सांगितलं तर कारण विचार आणि ते कारण लिही. गरज नसलेला उपचार सुद्धा इजाच असते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या हजारो बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचं २०१९ साली उघड झालं, सरकारला समिती नेमावी लागली, ऐन तिशीतल्या बायका होत्या त्यांत. त्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या केसपेपरवर सही करूनच टेबलावर गेल्या असतील. आपल्या जिल्ह्यातूनही ऊसतोडीला टोळ्या जातात. अंगावरून पांढरं जातं म्हणून आलेल्या बाईला पिशवी काढायचा सल्ला मिळालेला दिसला, तर तिला दुसऱ्या सरकारी डॉक्टरचं मत घ्यायला सांग.

नोटिशीला उत्तर दे, आणि वेळेत दे. माफी मागू नकोस, कुणावर आरोपही करू नकोस. तुझ्याच कागदावरच्या वेळा क्रमाने लिही. खाली एवढं लिही, की तातडीची औषधं रात्री कुलपाबाहेर ठेवावीत, ऑन-कॉल डॉक्टरांनी फोन उचलला नाही तर पुढचा फोन कुणाला करायचा ते लेखी ठरवून भिंतीवर लावावं, रक्त मोजायच्या पिशव्या मागवाव्यात, आणि या प्रकरणाचा आढावा प्रसूती विभागाच्या गुणवत्ता बैठकीत घ्यावा. एक प्रत स्वतःजवळ ठेव. दुसऱ्या सिस्टरनेही त्यावर सही केली तर फारच उत्तम, पण तिला भीड घालू नकोस.

आणि जे वैद्यकीय अधिकारी, अधीक्षक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक हे पत्र वाचतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ज्या सिस्टरने रात्री घडलेलं वेळेसकट खरं लिहिलं, तिला त्या लिहिण्यासाठी दिलेली नोटीस मागे घ्या. चौकशी जरूर करा, पण ती कुलपापासून सुरू करा.

तुझी,
आत्या
(निवृत्त आरोग्य सहाय्यिका)